शाळेच्या मैदानातील खापरे काय सांगतात?

नीरेच्या काठावरील जुन्या गावांत शाळेच्या मैदानाचे सपाटीकरण करताना किंवा नव्या खोलीचा पाया खोदताना रंगीत खापरे, जाड विटांचे तुकडे, मणी वर येऊ शकतात. इंदापूर तालुक्यातील निरवांगी हे याच नदीकाठचे गाव. नदीच्या वरच्या अंगाला, बारामती तालुक्यात कऱ्हा-नीरा संगमावरील सोनगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६५ मध्ये उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगातील, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्यामुळे या पट्ट्यातील विखुरलेल्या खापरांना कचरा समजून चालत नाही. मात्र ती दिसताच खणावयास लागणे अधिक घातक ठरते.

पांढरीची खूण

ग्रामीण भाषेत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्पिढ्या मातीची घरे पडून त्यांत राख, शेण, केरकचरा मिसळत गेल्याने वस्तीची माती पांढुरकी होते. पुरातत्त्वज्ञांसाठी ही महत्त्वाची खूण असते. शाळा गावठाणालगत उभी असेल, तर तिच्या मैदानाखाली जुनी पांढरी असण्याची शक्यता राहते.

तथापि, तपासाचा पहिला प्रश्न वेगळाच असतो. ही माती मूळची येथलीच आहे, की भरावासाठी दुसरीकडून आणलेली? भराव असेल, तर खापरे अस्सल असूनही ती शाळेच्या जागेविषयी काहीच सांगत नाहीत. अशा वेळी माती कोठून आणली, हे गावातील जाणत्यांकडून समजून घ्यावे लागते. पुरात वाहून आलेल्या खापरांच्या कडा झिजून गोलसर झालेल्या असतात. हा फरकही पाहिला जातो.

त्यानंतर जमिनीवर दोऱ्यांनी चौकोन आखून कोणत्या चौकोनात काय व किती सापडले, याची नोंद होते. खापरांवरून काळाचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी असलेली, वाजवल्यास खणखणीत आवाज देणारी खापरे जोर्वे संस्कृतीची असू शकतात. मोठ्या आकाराच्या विटा, काळी-तांबडी भांडी व हत्तीचे चिन्ह असलेली नाणी सातवाहन काळाकडे बोट दाखवतात. पुरावा भक्कम वाटल्यास लहानसा चाचणी खड्डा घेतला जातो. मातीचे थर एकावर एक साचलेले असल्याने सर्वसाधारणपणे खालचा थर अधिक जुना असतो. थरातील कोळशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढता येते.

जागा हरवली की अर्थ हरवतो

वस्तूइतकेच तिचे स्थान मोलाचे असते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील १३० हून अधिक घरे तेथे आढळली. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत शिरोहीन स्त्रीमूर्ती व बैल मिळाले. हेच कोणी उचलून कपाटात ठेवले असते, तर ती केवळ मातीची खेळणी ठरली असती. जमिनीखाली जपून पुरलेली सापडल्यामुळे त्यांतून तत्कालीन श्रद्धेचा माग लागला.

उलट उदाहरण दायमाबादचे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावी १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खोदताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार धातुशिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक आहे. मात्र ती शास्त्रीय उत्खननातून बाहेर आली नव्हती. पुढे तेथे विस्तृत उत्खनन होऊनही या शिल्पांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत झाले नाही. एवढा अनमोल ठेवा हाती असूनही त्याचा थर मात्र कायमचा निसटला.

शाळेने काय करावे?

अवशेष दिसल्यास काम थांबवून ते जागच्या जागी ठेवावेत आणि शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. आधीच गोळा झालेल्या वस्तू धुऊ नयेत. स्वतंत्र पिशव्यांत भरून त्यांवर जागा व तारीख लिहावी. तहसील कार्यालयामार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे. नाणी वा दागिन्यांसारखा मौल्यवान ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी माहिती देणे बंधनकारक आहे.

काळी-पांढरी सपाट करण्याचे काम आज यंत्राने काही तासांत उरकते. शतकानुशतके साचलेले थर तेवढ्याच वेळात मिसळून जातात आणि ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणूनच यंत्र मैदानात उतरण्यापूर्वी शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी केलेली साधी नोंददेखील गावाच्या इतिहासाचा एकमेव पुरावा ठरू शकते.