हमीभाव 5,328, मग पट्टीवर 4 हजार का? सोयाबीनच्या भावाचं गणित समजून घ्या

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मला गावाकडून दरवर्षी एक फोन ठरलेला असतो. काका विचारतात, "तू पेपरात आहेस ना, मग सांग, भाव वाढणार का?" इंजिनिअरिंग केलेल्या पुतण्याला सगळंच कळतं, असा त्यांचा समज आहे. भाव वाढेल का, हे मला सांगता येत नाही. पण तो ठरतो कसा, हे मात्र मोजून सांगता येतं.

केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर केला. त्याआधीच्या वर्षी तो 4,892 होता. काढणीच्या काळात मराठवाडा-विदर्भातल्या बाजार समित्यांमध्ये मात्र सौदे 4 हजारांच्या आसपास आणि ओल्या मालाचे त्याहूनही खाली झाले. याच सोयाबीनने 2021 च्या ऑगस्टमध्ये 10 हजारांचा टप्पा गाठला होता.

भाव तेलावर नाही, पेंडीवर

आपण सोयाबीनला तेलबिया म्हणतो. पण एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण 18 किलो आणि पेंड 80 किलोच्या आसपास. प्लांटवाला या दोन्हींचे पैसे जोडतो, आपला खर्च वजा करतो आणि उरेल तेवढाच भाव देतो.

समजा, तेल किलोला 120 रुपये आणि पेंड 40 रुपये आहे. तेलाचे 2,160 आणि पेंडीचे 3,200, म्हणजे एकूण 5,360 रुपये. आता तेल तिथेच ठेवा आणि पेंड 30 वर आणा. एकूण रक्कम 4,560 होते. गाळपाचा खर्च आणि वाहतूक धरून 300 रुपये काढले, तर प्लांटला 4,260 च्या वर जाणं परवडत नाही.

पेंड किलोला एक रुपयाने उतरली की क्विंटलमागे 80 रुपये जातात. तेल एक रुपयाने चढलं तर 18 रुपयेच येतात. पेंडीतली 10 रुपयांची घट भरून काढायला तेल किलोला 44 रुपयांनी महागावं लागेल.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं प्रभावी आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेलं. तेल महागलं, किराणा दुकानात आपण सगळ्यांनी ते अनुभवलं. सोयाबीन मात्र फारसं हललं नाही. मे 2025 अखेर हे शुल्क पुन्हा 16.5 टक्क्यांवर आलं.

पेंड का पडली?

पेंडीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोंबडीखाद्याचे कारखाने. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि इथेनॉल प्रकल्प मोठ्या प्रमाणावर मक्याकडे वळले. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. तो पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. खाद्य कारखान्यांनी पेंड कमी करून तो वापरायला सुरुवात केली. मक्याच्या शेतकऱ्याला ज्या धोरणाने आधार दिला, त्याच धोरणाचा फटका शेजारच्या वावरातल्या सोयाबीनला बसला.

निर्यातीतही हात बांधलेले आहेत. ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड स्वस्त असते. आपली पेंड बिगर-जीएम असल्याने तिला काही ठिकाणी जास्त दर मिळतो, पण असे गिऱ्हाईक मोजकेच.

2021 ची तेजी मोडली तीही पेंडीनेच. पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे थांबवले गेले आणि ती बंदी पुढे वारंवार वाढत गेली.

मग हमीभाव कोणाला मिळतो?

ज्याचा माल नाफेड किंवा एनसीसीएफच्या केंद्रावर लागतो, त्याला. व्यापाऱ्यावर हमीभावाने खरेदीची सक्ती होत नाही. सरकारी खरेदीही साधारण एकूण उत्पादनाच्या चौथ्या हिश्श्याच्या मर्यादेत असते. 2024-25 च्या हंगामात राज्यात सुमारे 11 लाख टन खरेदी झाली, तरी बाजार हमीभावापर्यंत पोहोचला नाही. शिवाय नोंदणीसाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते. ती राहिली, तर उत्तम माल असूनही केंद्राच्या दारातून परत यावं लागतं.

दुसरी अडचण ओलाव्याची. निकष 12 टक्क्यांचा आहे. 18 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल 12 टक्क्यांपर्यंत वाळवला, तर तो साधारण 93 किलो भरतो. म्हणजे 7 किलोची घट रास्त आहे. पण वजनातही घट धरली आणि दरही पाडला, तर एकाच पाण्याचे पैसे दोनदा कापले जातात. पट्टी हातात आली की एवढं नक्की तपासा.

5,328 आले कुठून?

सरकारने खर्च धरला क्विंटलला 3,552 रुपये आणि त्यावर 50 टक्के दिले. यात बियाणं, खत, मजुरी आणि घरच्यांचे कष्ट येतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज येत नाही. शेतकरी संघटनांचं मूळ भांडण याच दोन गोष्टींवर आहे.

पण सरासरी खर्च हा आकडाच फसवा. एकरी 22 हजार खर्च आणि 4,200 चा भाव धरा. आठ क्विंटल झालं, तर 11,600 रुपये उरतात. काढणीवेळच्या पावसाने पाचच हाती आलं, तर हजार रुपये पदरचे जातात. भाव तोच, खर्चही तोच.

थांबावं की विकावं?

काकांचा खरा प्रश्न हाच असतो. बाजार समित्यांमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, 6 टक्के व्याजाने. 4 हजारांच्या मालावर 3 हजार उचलले, तर सहा महिन्यांचं व्याज 90 रुपये होतं. त्यात साठवणुकीचा खर्च आणि माल वाळून होणारी घट धरा. भाव त्याहून वर गेला, तरच थांबणं फायद्याचं. 10 हजार पुन्हा येतील म्हणून 2021 नंतर घरात थप्प्या लावून बसलेले अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यात काकाही आहेत.