बराकपूरमध्ये एक दिवस : वेश कोणाचा घालायचा?

आजचा विषय आहे रेनेसान्स फेअर. अमेरिकेत 1963 साली फिलिस पॅटरसन या शिक्षिकेने आणि तिच्या नवऱ्याने लॉस एंजेलिसमध्ये अशी पहिली जत्रा भरवली. राणी एलिझाबेथच्या काळातलं इंग्लंड उभं करायचं, तसे कपडे घालायचे, तशी भाषा बोलायची, कारागिरांची दुकानं मांडायची आणि दिवसभर त्या काळात वावरायचं. आज अमेरिकेत ठिकठिकाणी अशा जत्रा भरतात.

आता कल्पना करा, अशी जत्रा कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीकाठच्या बराकपूरमध्ये भरवायची आहे. सियालदहहून लोकल पकडली की तासाभराच्या आत पोहोचता. नेपथ्य करायची गरजच नाही, सगळं तयार आहे. गव्हर्नर जनरलची बाग आहे. नदीकाठी लेडी कॅनिंगची कबर आहे. ती 1861 साली वारली. बंगाली हलवायाच्या दुकानातली ‘लेडीकेनी’ नावाची मिठाई तिच्याच नावावरून आली, असं सांगतात.

पण वेश कोणाचा घालायचा? खरी अडचण इथे आहे. साहेबाचा घातला, तर याच छावणीत 1824 साली ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर जायला नकार देणाऱ्या शिपायांवर तोफा डागल्या गेल्या, त्याचं काय करायचं? शिपायाचा घातला, तर 29 मार्च 1857 ला मंगल पांडे इथेच उभा राहिला आणि 8 एप्रिलला फासावर गेला. तो प्रसंग खेळ म्हणून करायचा का? कोलकात्याच्या चौकांतून हटवलेले काही इंग्रज अधिकाऱ्यांचे पुतळेही इथल्या फ्लॅगस्टाफ हाउसच्या बागेत आणून ठेवलेले आहेत. आणि जवळच गांधीघाट आहे.

बंगालने मात्र स्वतःच्या नवजागरणाच्या काळात एक खरी जत्रा भरवली होती. 1867 साली नवगोपाल मित्र यांनी, ठाकूर घराण्याच्या मदतीने, हिंदू मेळा सुरू केला. तिथे देशी कारागिरीचं प्रदर्शन असे, कुस्त्या आणि कसरती असत, गाणी आणि कविता असत. किशोरवयातल्या रवींद्रनाथांनीही तिथे आपली कविता म्हटली. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ यांचं देशगीत या मेळ्यात गाजलं. हे सत्येंद्रनाथ म्हणजे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी, आणि त्यांची नोकरी झाली आपल्या मुंबई इलाख्यात. फरक लक्षात घ्या. कॅलिफोर्नियातली जत्रा लोकांना चारशे वर्षं मागे नेते. हिंदू मेळा लोकांना विचारत होता, आज आपल्या हातांना काय येतं?

आता आपल्याकडे वळू. बंगालची आठवण वेगळी आहे. 1741 नंतरच्या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी तिथे लूट केली. कोलकात्याभोवती ‘मराठा खंदक’ खणला गेला, आणि ‘बर्गी’ हा शब्द अंगाईगीतात जाऊन बसला. बर्गी म्हणजे आपला बारगीर. आपण घोड्यावर बसून फेटा बांधला की आपल्याला स्वराज्य दिसतं, तिथल्या आजीला मात्र जळलेलं गाव आठवायचं.

तरीही त्याच बंगालमध्ये सखाराम गणेश देऊस्कर या मराठी माणसाने बंगालीत लिहून शिवाजी महाराज घरोघर नेले. 1904 साली रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. 1906 साली टिळक त्या उत्सवाला कोलकात्यात गेले. जुनी भीती असतानाही हे झालं, म्हणून मला ते मोठं वाटतं.

म्हणून रायगडावरच्या सोहळ्याला जा, मुलांना मावळ्याचे कपडे जरूर घाला. जमलं तर कधी बराकपूरलाही जाऊन या. फक्त संध्याकाळी परतताना मुलांना एक प्रश्न विचारा : आज आपण कोणाचा वेश घातला नाही? उत्तर शोधताना खरा इतिहास सुरू होतो. भेटू पुढच्या भागात.