कोरडवाहू मुलखातील लाकूड : वाशी तालुका आणि अरब देश

लाकडाचा विचार करताना सामान्यतः दाट अरण्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि ज्या प्रदेशात अरण्य जवळजवळ नाही, त्या प्रदेशातील माणसांनाही घराला तुळई, नांगराला हळस आणि चुलीला सरपण लागतेच. ही गरज अशा प्रदेशात कशी भागते आणि ती भागविताना झाडे टिकतात की नाहीशी होतात, हा वनशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुका आणि अरब जगतातील काही शुष्क देश यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

वाशी तालुका बालाघाटच्या पठारावर, मांजरेच्या खोऱ्यात वसला आहे. ७,५६९ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या धाराशिव जिल्ह्यात वनाच्छादन शेकडा एकाहूनही कमी आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले येडशी-रामलिंग घाट अभयारण्यही अवघ्या बावीस चौरस किलोमीटरांचे आहे. पर्जन्यमान सरासरीने सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास असले, तरी ते अत्यंत अनिश्चित आहे. १९७२, २०१२ आणि २०१५ या वर्षांच्या अवर्षणांची आठवण या भागात अजून ताजी आहे. याउलट अरबस्तानच्या मोठ्या भागात वर्षाकाठी शंभर मिलिमीटर पाऊसही पडत नाही. हवामानाच्या दृष्टीने हे दोन प्रदेश एका पंक्तीत बसत नाहीत, हे उघड आहे. परंतु लाकडाच्या व्यवहारात त्यांचे साम्य लक्षणीय आहे. दोन्हीकडे इमारती लाकूड बाहेरून येते, आणि रोजच्या वापराचे लाकूड नदीकाठच्या, ओढ्याकाठच्या व बांधावरच्या काटेरी झाडांपासून मिळते.

बाहेरून लाकूड आणण्याची परंपरा त्या देशांत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २६०० वर्षांच्या सुमारास इजिप्तचा राजा स्नेफ्रू याने लाकडाने भरलेली चाळीस जहाजे आणविल्याची नोंद पालेर्मोच्या शिलालेखात आहे. लेबाननचा देवदार इजिप्तला शतकानुशतके पुरविला जात होता. पुढे अरबी समुद्रावरील जहाजांसाठी मलबारचा साग जाऊ लागला. अरबी भाषेतील सागवाचक शब्द ‘साज’ असा आहे. भारतीय ‘शाक’ अथवा ‘साग’ या शब्दाशी त्याचे नाते अभ्यासक जोडतात. बाराव्या शतकातील प्रवासी इब्न जुबैर याने तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरात बांधल्या जाणाऱ्या गलबतांचे लाकूड हिंदुस्थान व येमेन येथून येत असल्याचे नमूद केले आहे. आज त्याच इजिप्तमध्ये स्वीडन, फिनलंड व रशिया येथील सूचिपर्णी वृक्षांचे चिरीव लाकूड उतरते.

दुर्मिळ लाकूड घराचा आकारही ठरविते. इराणी आखाताच्या काठावरील जुन्या घरांची छपरे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या खारफुटीच्या वाशांवर उभारीत. या वाशांची लांबी मर्यादित असल्यामुळे खोल्या अरुंद व लांबट होत. वाशी परिसरातील माळवदाच्या घरांतही हाच नियम दिसतो. तुळया, त्यांवर सरे, त्यांवर काटक्या आणि वर मातीचा जाड थर अशा या छपराखालील घर ‘खणां’त मोजले जाई, आणि खणाची रुंदी उपलब्ध लाकडाच्या लांबीवर अवलंबून असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील दगडमातीची असंख्य घरे कोसळली. त्यानंतर सिमेंट व पत्र्याचा वापर वाढला, आणि इमारती लाकडाची स्थानिक गरज आणखी कमी झाली.

दैनंदिन उपयोगाच्या लाकडाची कथा निराळी आहे. या कथेचा नायक दोन्हीकडे एकच, तो म्हणजे बाभूळ. शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या ‘निलोटिका’ या नावातच नाईल नदीचा उल्लेख आहे. इजिप्त व सुदान येथे तिला ‘सन्त’ म्हणतात. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात हिरोडोटसने नाईलवरील मालवाहू नावांचे वर्णन केले आहे. काटेरी झाडाच्या दोन हात लांबीच्या फळ्या विटांप्रमाणे रचून त्या नावा बांधीत. सुदानमध्ये निळ्या नाईलच्या पूरक्षेत्रातील सन्तवनांनी रेल्वेमार्गासाठी स्लीपर पुरविले. वाशीच्या शेतकऱ्याला याच जातीच्या भारतीय बाभळीने गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे व पुठ्ठे दिले, आणि कुळवाचे व तिफणीचे दिंड दिले. तिची साल कातडे कमावण्यासाठी, शेंगा शेळ्यांसाठी, फांद्या कुंपणासाठी आणि डिंक बाळंतिणीच्या लाडवांसाठी उपयोगी पडे. गावच्या सुताराला बलुते मिळे ते या लाकडावर चालविलेल्या कारागिरीबद्दलच. म्हणून बांधावरील बाभूळ पिकाला थोडी सावली करीत असली, तरी शेतकरी ती राखून ठेवीत असे.

झाड उभे राखण्याचे हे कारण किती निर्णायक असते, हे अरब जगतातील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. पहिले उदाहरण सुदानचे. तेथील कोर्दोफान प्रांतात साडेचारशे मिलिमीटरहून कमी पावसाच्या वालुकामय जमिनीत ‘हशाब’ हा बाभळीचा सगोत्र वृक्ष वाढतो. त्याची साल सोलली असता जो डिंक पाझरतो, तो ‘अरबी डिंक’ या नावाने जगभर जातो, आणि मिठाई, औषधे, शाई व पेये यांत वापरला जातो. पूर्वापार पद्धतीत चार-पाच वर्षे बाजरी व तीळ घेऊन शेत हशाबाखाली पडीक टाकीत. पुढील पंधरा-वीस वर्षांत झाडे डिंक देत, आणि जमीनही पुन्हा सकस होई. झाड उभे असेपर्यंतच उत्पन्न मिळत असल्यामुळे ते राखणे हाच शेतकऱ्याचा स्वार्थ होता.

दुसरे उदाहरण सोमालियाचे. तेथील बाभूळवर्गीय झाडांचा कोळसा आखाती देशांत चढ्या भावाने विकला जाऊ लागला. १९९१ मध्ये राजसत्ता कोसळल्यावर हा व्यापार सशस्त्र गटांच्या हाती गेला. अखेर फेब्रुवारी २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने सोमाली कोळशाच्या निर्यातीवर व आयातीवर बंदी घातली. येथे झाडाची किंमत तोडल्यावरच हाती येत होती, आणि तोडणाऱ्याला पुढील पिढीच्या झाडाशी कर्तव्य नव्हते.

वाशी तालुक्याची स्थिती या दोन टोकांच्या मध्ये आहे, पण तिचा कल दुसऱ्या टोकाकडे आहे. लोखंडी नांगर व ट्रॅक्टर आले, गाडीला रबरी चाके लागली, सुताराचे बलुते संपले. बाभळीचे जे उपयोग तिला उभी ठेवीत होते ते एकेक करून गळाले, आणि जळण हाच तिचा मुख्य उपयोग उरला. भूम, वाशी व कळंब हा भाग खव्यासाठी प्रसिद्ध आहे. दूध आटविण्यासाठी भट्टीला लाकूड लागते, आणि वीटभट्ट्यांनाही ते लागते. दुष्काळाच्या वर्षी पीक बुडाले की बांधावरचे झाड वखारीत जाते, कारण तत्काळ पैसा देणारी तेवढीच वस्तू शेतकऱ्याजवळ उरलेली असते. ज्या वर्षी सावलीची व चाऱ्याची गरज सर्वाधिक, त्याच वर्षी झाडे सर्वाधिक पडतात, हा या व्यवहारातील खरा धोका होय.

वेडी बाभूळ ही रिकामी जागा भरून काढील, असा समज आहे. मूळची अमेरिकेतील ही काटेरी वनस्पती जळण भरपूर देते. परंतु १९१७ मध्ये वाळू थोपविण्यासाठी तिची लागवड करणाऱ्या सुदाननेच १९९५ मध्ये तिच्या निर्मूलनाचे धोरण स्वीकारले, कारण ती कालव्यांत व सुपीक शेतांत पसरली. वाशीच्या गायरानांनी व ओढ्यांनी हा अनुभव ध्यानात घेणे आवश्यक आहे.

यावरून उपायाची दिशा दिसते. खव्याच्या भट्ट्यांवरील लाकडाचा भार कमी करणे ही पहिली पायरी होय. भूम परिसरात काही उत्पादकांनी सौरऊर्जेवर चालणारी यंत्रे स्वीकारली आहेत, ती या दृष्टीने महत्त्वाची आहेत. दुसरी पायरी उभ्या झाडाचे उत्पन्न वाढविण्याची. बाभळीचा डिंक व शेंगा, चिंचेची चिंच, कडुनिंबाची निंबोळी, बोर आणि सीताफळ यांचा संग्रह व विक्री नीट बसली, तर झाड तोडण्यापेक्षा राखणे फायद्याचे ठरेल. नुसत्या लागवडीच्या आकड्यांनी हे साध्य होणार नाही. कोरडवाहू मुलखात झाड लावणे तुलनेने सोपे असते. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी ते न तोडणे शेतकऱ्याला परवडेल अशी व्यवस्था करणे अवघड असते, आणि वनधोरणाची कसोटी तेथेच लागते.