हातावर औषध, पोटात विष

एप्रिल २०२१मध्ये, टाळेबंदीत दारूची दुकानं बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर प्यायल्यानं सात जणांचा जीव गेला. त्याच वर्षी ३१ जानेवारीला त्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत, पोलिओच्या लसीऐवजी १२ लहान मुलांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब पडले होते. सुदैवानं ती वाचली. एका घटनेमागे व्यसनाची तडफड होती, दुसरीमागे अक्षम्य हलगर्जी. पण हातावरचं औषध पोटातच नव्हे, जखमेतही अपाय का करू शकतं, हे कळलं की जंतुनाशकाचं काम उलगडतं. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं गोठवतं आणि त्यांचं स्निग्ध आवरण मोडतं. तशीच प्रथिनं आणि तसंच आवरण आपल्या पेशींतही असतं. हातावर निभावतं, कारण त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. जखमेत नेमका तोच फाटलेला असतो. त्यामुळे ‘जितकं झोंबेल तितकं लागू पडेल’ ही घरोघरची समजूत घातक आहे. कडक स्पिरिट जखम भरून आणणाऱ्या पेशीही मारतं. शिवाय तीव्रता वाढवून जोर वाढतोच असं नाही. ६० ते ८० टक्के अल्कोहोल जवळजवळ शुद्ध अल्कोहोलपेक्षा जास्त जंतू मारतं, कारण प्रथिनं गोठायला थोडं पाणी लागतं.

मग साबण-पाणीच पुरे, जंतुनाशक हवंच कशाला, असं कुणी विचारील. रोजच्या हात धुण्यापुरतं ते खरंही आहे. पण व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून येणारे डॉक्टर साबणानं हात धूतच होते, तरी बाळंतिणी तापानं मरत होत्या. १८४७च्या मे महिन्यात तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं, आणि एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यू जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले. शस्त्रक्रियेआधी त्वचेवर काय लावावं, यानंही फरक पडतो: २०१०च्या एका अमेरिकी चाचणीत पोव्हिडोन-आयोडीन वापरलेल्या १६ टक्के रुग्णांच्या जखमांत संसर्ग झाला, क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल वापरलेल्यांत साडेनऊ टक्के.

तरीही शेतात विळा लागला की नुसत्या बाटलीवर भिस्त ठेवता येत नाही. मातीतल्या धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, आणि चिखलानं भरलेल्या जखमेत कोणतंही जंतुनाशक खोलवर पोचत नाही. म्हणून आधी भरपूर स्वच्छ वाहत्या पाण्यानं माती धुवून काढायची, स्वच्छ कापडानं जखम झाकायची आणि धनुर्वाताच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.