ईदचा चंद्र आणि सेलचा मोसम

ऑनलाइन सेल 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि दसरा-दिवाळीला भरात असतात. आपली ईद मात्र चंद्रावर चालते. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2024 साली ईदुल फित्र 11 एप्रिलला होती, 2025 साली 31 मार्चला. म्हणून ईदची खरेदी सेलच्या भरवशावर ठेवू नये.

आम्हा मावळकरांना लोणावळा, कामशेत, तळेगावचा बाजार लोकलने गाठता येतो. ईदचे कपडे, चपला आम्ही तिथेच पारखून घेतो. कुकर, मिक्सर, चादरी यांची घाई नसते. त्यांची यादी करून आजचा भाव वहीत लिहून ठेवावा. सेलमधली सवलत बहुधा छापील किमतीवरून सांगतात; आपण ती वहीतल्या भावाशी ताडून पाहावी. डिलिव्हरीचा खर्चही त्यात धरावा.

‘फक्त 10 मिनिटे शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, न विचारता बिलात वस्तू घुसवणे, हे केंद्राच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मना आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

‘बिनव्याजी हप्ता’ दिसला तर जास्त सावध राहावे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, व्याज अनेकदा प्रोसेसिंग फीच्या नावाने वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या घराने रोखीत परवडेल तेवढेच घ्यावे. ईद सरल्यावर हप्त्याची चिंता उरली नाही, तर त्या खरेदीत बरकत आहे.