उद्याचा वळीव वहीत लिहिताना

मे महिन्यातल्या पुण्यात उद्या वळीव पडेल का, याचं उत्तर हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्याला आज, स्वतःच्या हाताने लिहिता आलं पाहिजे. ही विद्या पुस्तकातून निम्मीच येते. उरलेली येते वेधातून, भटकंतीतून आणि चुकलेल्या अंदाजांच्या हिशेबातून. पुण्यात तिची परंपरा जुनी आहे. हवामान खात्याचं कार्यालय 1928 साली सिमल्याहून इथे आलं, आणि शिवाजीनगरचा तो चौक आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखला जातो. विद्यापीठातही वातावरणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

सुरुवात स्टीव्हन्सन पेटीपासून. तिरप्या पट्ट्यांची ही पांढरी लाकडी पेटी, दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन थेट तापमापकांवर पडत नाही. आत कोरडा, ओला, कमाल आणि किमान असे चार तापमापक. ओल्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळून त्याची वात पाण्यात सोडलेली असते. हे फडकं धुळीने कडक झालं की बाष्पीभवन मंदावतं, पारा वर राहतो आणि हवा आहे त्याहून दमट असल्याची नोंद होते. एवढ्याशा चिंधीवर पुढचं सगळं गणित उभं असतं, म्हणून ती वेळच्या वेळी बदलणं हा मी अभ्यासक्रमाचाच भाग मानतो. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायचा: मागच्या चोवीस तासांचा पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी.

आता वरची हवा. पहाटे साडेपाचच्या सुमाराला देशातल्या ठरावीक केंद्रांवरून रेडिओसोंडचे फुगे सुटतात. मिनिटाला साधारण तीनशे मीटर चढत ते तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत जातात. ही माहिती टेफिग्राम नावाच्या आलेखावर मांडतात. समजा, हाताशी मुंबईच्या सांताक्रूझचा आलेख आहे. त्याचा खालचा भाग समुद्रकाठच्या हवेचा. पुणे 560 मीटर उंचीवर, घाटाच्या आड. म्हणून तळाशी पुण्याचे आकडे घालायचे. उद्याचं कमाल तापमान 38 अंश आणि दवबिंदू 18 धरू. वर चढणारी कोरडी हवा किलोमीटरमागे 9.8 अंशांनी निवते, दवबिंदू मात्र दोनेक अंशांनीच उतरतो. म्हणजे दोघांतलं अंतर किलोमीटरला सुमारे आठ अंशांनी मिटतं. वीस अंशांचं अंतर मिटायला अडीच किलोमीटर लागतात, तिथे ढगाचा तळ. हवेचं तापमान तिथे साडेतेरा अंश.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, त्यामुळे आता ही हवा हळू निवते, किलोमीटरला पाच-सहा अंश. फुग्याने मोजलेली भोवतालची हवा तिच्याहून थंड असेल तर ती आपोआप चढत राहते आणि ढग मनोरे बांधतो. मध्येच उबदार थर असेल तर तो झाकणासारखा बसतो. दिवसभर उकडतं आणि संध्याकाळ कोरडी जाते. झाकण फुटेल का, हे ठरवताना नकाशावर वाऱ्यांची दिशा बघावी लागते. अरबी समुद्राकडची ओल पोचली नाही, तर नुसत्या उन्हाने वळीव होत नाही.

डोंगराचं काम मात्र चालूनच समजतं. जुलैत वाई, पाचगणी, महाबळेश्वर असा प्रवास करत दर थांब्याला कोरडा-ओला तापमापक आणि वायुभार वाचावा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पूर्वेच्या पायथ्याशी वाईत हजारही नाही. महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग जमिनीवर उतरतात, म्हणूनच पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मेघभौतिकीची प्रयोगशाळा तिथे थाटली आहे.

मग अंदाज लिहायचा, तोही मोजता येईल असा: शिवाजीनगरच्या मापकात परवा सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस, शक्यता 40 टक्के. ‘तुरळक सरींची शक्यता’ असं वर्गात चालू देऊ नये, ते तपासताच येत नाही. तपासणीची रीत ग्लेन ब्रायर यांनी 1950 साली दिली: अंदाज आणि घडलेलं यांतल्या फरकाचा वर्ग. पाऊस आला तर 0.6 चा वर्ग, 0.36, नाही आला तर 0.16. कमी गुण चांगले. रोज ‘50 टक्के’ लिहिणाऱ्याची सरासरी 0.25 वर अडकते, तेव्हा मोसमाअखेर त्याहून खाली उतरलं पाहिजे. अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठ वेक्सचॅलेंज ही आंतरमहाविद्यालयीन अंदाजस्पर्धा भरवतं. आपल्या महाविद्यालयांतही अशी चुरस रुजावी असं मला मनापासून वाटतं.

अंदाज फसला की प्रत्येक पायरी मागे जाऊन बघायची. तापमान 36 वरच थांबलं? पश्चिमेचा वारा घाट चढून आलाच नाही? की ढग नीट वाढले, पण सर हडपसरला पडून गेली? पहिल्या दोन चुका पुढच्या खेपेला सुधारता येतात. तिसरीचं मूळ पावसाच्याच स्वभावात आहे: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर कोसळला, तेव्हा कुलाब्याच्या मापकात 73 होता. टक्केवारी लिहायची ती या अनिश्चिततेसाठीच.