मागें जोडलेलें घर आणि मोटारीची ताकद

ऑस्ट्रेलियांत डिसेंबर-जानेवारी हे उन्हाळ्याचे आणि शाळांच्या मोठ्या सुटीचे महिने होत. त्या दिवसांत मेलबर्न, सिडनी ह्यांसारख्या शहरांतून समुद्राकडे निघणाऱ्या रस्त्यांवर मोटारींच्या मागें जोडलेले कॅम्पर ट्रेलर जागोजाग दिसूं लागतात. कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवरचें घडीचें घर. प्रवासांत तें मिटलेलें असतें; मुक्कामावर कापडी छप्पर उभारलें, कीं अंथरूण, ओटा, शेगडी, पाणी सर्व हाताशीं. तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ह्या सहलीचा मोह पडला तर नवल नाहीं. मात्र असा ट्रेलर जोडण्यापूर्वीं कांहीं साधीं गणितें करावीं लागतात, आणि तीं न करतांच पुष्कळ लोक रस्त्याला लागतात.

मोटार विकतांना एक मोठा आंकडा पुढें केला जातो: ही गाडी इतके किलो ओढते. हा आंकडा खोटा नसतो. पण तो एकटा खरा नसतो. मोटारीच्या स्वतःच्या चाकांवर जास्तींत जास्त किती भार यावा, ह्याची एक मर्यादा असते. मोटार व ट्रेलर मिळून किती भार असावा, ह्याची दुसरी. ट्रेलरलाही त्याची स्वतःची मर्यादा असतेच. ह्यांपैकीं जी आधीं संपेल तीच खरी.

एक उदाहरण घ्यावें. समजा, एका मोटारीचें टाकी भरलेलें, पण माणसांवांचूनचें वजन १९०० किलो आहे व तिच्या चाकांवर २४०० किलोपर्यंत भार चालतो. ओढण्याची क्षमता २००० किलो सांगितली आहे, आणि मोटार व ट्रेलर मिळून मर्यादा ४१०० किलोंची आहे. आतां २००० किलोंचा ट्रेलर खरोखरच जोडला, तर मोटारीच्या वांट्याला २१०० किलो उरतात. म्हणजे माणसें व सामान ह्यांना मिळून अवघे दोनशें. आईबाप, दोन मुलें व त्यांच्या पिशव्या एवढ्यानेंच ती मर्यादा ओलांडली जाते.

शहाणें कुटुंब म्हणून १५०० किलोंचा ट्रेलर पसंत करतें. तरीही निश्चिंत होतां येत नाहीं. ट्रेलरचा पुढचा दांडा मोटारीच्या मागील लोखंडी गोळ्यावर, म्हणजे टो-बॉलवर, टेकलेला असतो, आणि ट्रेलरच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा त्या गोळ्यावर असावा, असा तेथील सर्वसाधारण संकेत आहे. हे १५० किलो मोटारीनेंच वाहावयाचे असतात. वर म्हटलेल्या मोटारीची सामान-माणसें वाहण्याची शक्ति ५०० किलोंची. त्यांतून गोळ्याचे १५० गेले, जोडणीच्या लोखंडी सांगाड्याचे ३० गेले, चार माणसांचे २५० गेले, उरले ७०. टपावरची जाळी २५, खाण्यापिण्यानें भरलेली थंड पेटी ४०. शिल्लक पांच किलो! कपड्यांच्या बॅगा अजून दारांतच आहेत.

शिवाय गोळा मागच्या आंसाच्याही मागें असल्यामुळें तरफेचा नियम लागूं होतो. दोन आंसांतील अंतर पावणेतीन मीटर व गोळा मागच्या आंसापासून १·१ मीटर मागें धरला, तर गोळ्यावरील १५० किलोंचे मागच्या आंसावर २१० होतात आणि पुढचा आंस ६० किलोंनीं हलका होतो. गाडी वळविणारीं चाकें तीं पुढचींच. म्हणून मागें बसलेली व नाक वर केलेली मोटार दिसली, कीं जाणता माणूस तिच्यापासून अंतर ठेवतो.

मग गोळ्यावरचा भार कमी केला तर? हा उपाय त्याहून घातक आहे. बैलगाडी हांकणाऱ्याला हें शिकवावें लागत नाहीं. ओझें मागें गेलें, कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें व बैलांचा गळा आवळतो. पुढें गेलें, तर गाडी धुरजड होऊन मानेवर येते. दोन चाकांच्या ट्रेलरचेंही तसेंच, परंतु बैलगाडीचा वेग माणसाच्या पायचालीचा आणि ह्याचा ताशीं शंभर किलोमीटरचा. उलाळ ट्रेलर एका विशिष्ट वेगापर्यंत गुमान चालतो. त्यापुढें वाऱ्याचा झोत आला किंवा मोठी ट्रक बाजूनें गेली, कीं शेपूट हलूं लागतें, आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जातो. अशा वेळीं चाक उलटसुलट फिरविणें किंवा मोटारीचा ब्रेक जोरानें दाबणें वाईट. वेग देणें थांबवावें, चाक सरळ धरावें, व ट्रेलरच्या ब्रेकला हातानें चालविण्याची कळ असेल तर ती दाबावी. तेथील नियमाप्रमाणें ज्याच्या चाकांवरची भारमर्यादा ७५० किलोंहून अधिक, त्या ट्रेलरला ब्रेक असावाच लागतो. २००० किलोंहून अधिक असेल, तर तो सर्व चाकांना लागतो आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप लागणाराही असावा लागतो.

ट्रेलरच्या पाटीवरील रिकाम्या वजनांत पाणी व गॅस बहुधा धरलेले नसतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. नऊ किलो गॅस मावणारें सिलिंडर भरल्यावर जवळजवळ दुप्पट भरतें. त्यामुळें अंदाजावर न जातां वजनकाटा गांठणें बरें. साखर कारखान्याच्या काट्यापुढें उसाच्या गाड्यांची रांग ज्यानें पाहिली आहे, त्याला ही रीत नवी नाहीं. प्रथम जोडलेल्या स्थितींत केवळ मोटार काट्यावर घ्यावी, मग केवळ ट्रेलरचीं चाकें, आणि शेवटीं ट्रेलर सोडवून, पुढच्या टेकूसह, तो एकटा. शेवटच्या दोन आंकड्यांतील फरक हाच गोळ्यावरील भार.

हें वजन सर्व सामान भरून व माणसें बसवून करावें. पाण्याची टाकी आंसाच्या पुढें असेल, तर ती रिती होतांच गोळ्यावरचा भार घटतो. मागें असेल, तर वाढतो. निघतांना नीट तोललेला ट्रेलर परतीच्या वाटेवर उलाळ होऊं शकतो, तो ह्यामुळेंच. म्हणून पुढची टाकी संपली असेल, तर मागच्या खणांतलें जड सामान आंसाजवळ आणूनच परत निघतात.